भिंतीतला झाडू

गेल्या वर्षी मे महिन्यात माझ्या पुतण्याचा कॅनडाहून फोन आला. “काका, गवंडी पुढच्या सोमवारी प्लास्टर धरणार आहे. त्याच्या आत सांगा, भिंतीत नळ्या टाकायच्या की नाही?”

नळ्या पाण्याच्या नव्हत्या, विजेच्या तारांच्याही नव्हत्या. केराच्या होत्या.

वाणगावला आमचं जुनं घर पडायला आलं होतं. ते उतरवून त्याच जागी नवं बांधायचं काम पुतण्याने काढलं आहे. घर त्याच्या आईसाठी, म्हणजे माझ्या वहिनींसाठी. वहिनींना पंचवीस वर्षांपासून दमा आहे. मधे सहा महिने त्या मुलाकडे राहून आल्या. त्याच्या घरात केर काढायचं साधन असं आहे: गॅरेजच्या भिंतीला पिंपासारखं एक यंत्र टांगलेलं. त्यातून निघालेल्या नळ्या भिंतींच्या आतून घरभर फिरलेल्या. प्रत्येक मजल्यावर भिंतीत एक-दोन झाकणं. झाकण उघडून त्यात लांब, लवचिक नळी खुपसली की गॅरेजमधलं यंत्र सुरू होतं आणि खोलीतली धूळ भिंतीतून थेट पिंपात जाते. याला सेंट्रल व्हॅक्यूम म्हणतात. वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, तिथं केर काढताना मला एकदाही धाप लागली नाही.”

मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला. यंत्रातलं मला फार कळत नाही. पण एखादी वस्तू घ्यायची की नाही हे ठरवताना, ती मुळात कुणासाठी आणि कशासाठी निघाली ते पाहावं, अशी माझी जुनी खोड आहे. तेव्हा पुतण्याला म्हटलं, “मला आठ दिवस दे.” त्या आठ दिवसांत जे वाचलं आणि जे आठवलं, ते आज तुम्हाला सांगतो.

पहिली गोष्ट ही की केर कसा काढायचा हे झाडू ठरवत नाही, जमीन ठरवते. माझ्या लहानपणी आमच्या घरात शेणाने सारवलेली जमीन होती. सारवण म्हणजे धुळीचाच बंदोबस्त. शेणातल्या काड्यांनी माती धरून ठेवायची आणि वर आलेला भुगा पुढच्या सारवणात पुन्हा जमिनीत घालायचा. अशा जमिनीवर ओढणारं यंत्र लावलं असतं तर त्याने केराबरोबर जमीनही नेली असती! तिला हवी मऊ केरसुणी. अंगणाला नारळाच्या हिरांचा खराटा. देशावर शिंदीच्या पानांची केरसुणी, आणि अलीकडच्या काळात सगळीकडे पोहोचलेला, ईशान्येकडच्या डोंगरांतल्या गवताचा फुलझाडू. कोकणात केरसुणीला ‘वाढवण’ असाही शब्द आहे. आमच्या किनाऱ्यावर ज्या बंदराचं भूमिपूजन ऑगस्ट २०२४ मध्ये झालं, त्या गावाचं नावही वाढवण. दोन्हींचा काही संबंध असेल असं मी म्हणत नाही. पण त्या कामाचे डंपर रस्त्याने जातात तेव्हा मला या शब्दाची आठवण होतेच.

लक्ष्मीपूजनाला आपण नव्या केरसुणीला हळदकुंकू वाहतो, तिला पाय लागू देत नाही, तिन्हीसांजेला केर काढत नाही. मात्र जिच्या हातात ती केरसुणी वर्षभर असते, तिला आपण कुठे बसवतो, हा प्रश्न वेगळा. त्याच्याकडे मी शेवटी येणार आहे.

युरोप-अमेरिकेत थंडी, म्हणून लाकडी जमिनीवर जाड गालिचे. गालिचा झाडून साफ होत नाही. धूळ तळाशी बसते. मग तो वर्षातून एक-दोनदा गुंडाळून बाहेर न्यायचा, दोरीवर टाकायचा आणि काठीने बडवायचा. धूळ ओढण्याचं यंत्र हे या गालिचाचं अपत्य आहे. १८६९ मध्ये शिकागोच्या आयव्हस मॅकगाफी नावाच्या माणसाने हाताने दांडा फिरवायचं एक यंत्र केलं. एका हाताने फिरवायचं आणि दुसऱ्या हाताने ढकलायचं! ते फार चाललं नाही यात नवल नाही.

पुढे काहींनी उलटा विचार केला. धूळ फुंकून उडवायची आणि पेटीत पकडायची. असं एक अमेरिकी यंत्र १९०१ मध्ये लंडनच्या एका नाट्यगृहात दाखवलं जात होतं. ते बघायला ह्यूबर्ट सेसिल बूथ नावाचा इंजिनिअर गेला होता. पूल आणि मोठमोठे फिरते पाळणे बांधणारा हा माणूस. त्याने विचारलं, “फुंकता कशाला, ओढत का नाही?” यंत्रवाला म्हणाला, “ते अशक्य आहे.” काही दिवसांनी बूथने एका उपाहारगृहात खुर्चीच्या मखमली पाठीवर हातरुमाल ठेवला, त्याला तोंड लावलं आणि जोरात श्वास ओढला. खोकून खोकून बेजार झाला. पण रुमाल उलटा करून पाहिला तर त्यावर काळं वर्तुळ उमटलेलं. व्हॅक्यूम क्लीनरचा शोध हा असा खोकल्यातून लागलेला आहे.

बूथचं यंत्र घरात मावणारं नव्हतं. घोडागाडीवर बसवलेला पंप रस्त्यात उभा राहायचा आणि त्याच्या लांबलचक नळ्या खिडक्यांतून घरात शिरायच्या. आवाजाने रस्त्यावरचे घोडे बुजत, त्यावरून खटले झाले. श्रीमंत बायका मैत्रिणींना चहाला बोलावून हा तमाशा दाखवत. १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाआधी वेस्टमिन्स्टर ॲबीतले गालिचे याच यंत्राने साफ केले. पण मला त्याहून महत्त्वाची वाटते ती पहिल्या महायुद्धातली गोष्ट. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये नौदलाच्या जवानांची राहायची सोय केली होती. तिथे तापाची साथ पसरली. बूथची पंधरा यंत्रं आणली आणि त्या इमारतीतून २६ टन धूळ निघाली, असं सांगतात. धूळ हा केवळ टापटिपीचा विषय नसून आरोग्याचा आहे, हे तेव्हा बऱ्याच जणांना पटलं.

बूथने यंत्र रस्त्यावर उभं केलं. अमेरिकेत नळकामाचा धंदा करणाऱ्या डेव्हिड केनी याने ते तळघरात नेलं. १९०२ मध्ये पिट्सबर्ग शहरातल्या फ्रिक इमारतीत त्याने जवळजवळ दोन टन वजनाचं, वाफेवर चालणारं यंत्र खाली बसवलं आणि त्याच्या नळ्या मजल्यामजल्यावर फिरवल्या. पुतण्याच्या गॅरेजमधल्या पिंपाचा हा आजा. म्हणजे गंमत पाहा, आपल्याला जे नव्यातलं नवं वाटतं ते सेंट्रल व्हॅक्यूम हे हातात धरायच्या व्हॅक्यूम क्लीनरपेक्षा जुनं आहे.

हातातलं यंत्र आलं ते एका दमेकऱ्यामुळे. ओहायो राज्यातल्या कँटन गावी जेम्स मरे स्पँग्लर एका दुकानात झाडलोट करायचा. झाडताना उडणाऱ्या धुळीने त्याचा दमा बळावायचा. त्याने पंख्याची मोटर, झाडूचा दांडा आणि धूळ साठवायला उशीचा अभ्रा असं जमवून एक यंत्र केलं. १९०८ मध्ये त्याला पेटंट मिळालं आणि ते विल्यम हूवर या चामड्याच्या व्यापाऱ्याने विकत घेतलं. पुढे इंग्रजीत ‘हूवर’ हे क्रियापदच झालं. झाडणाऱ्याने स्वतःच्या छातीसाठी केलेलं यंत्र, आणि नाव मात्र विकणाऱ्याचं.

हलकी, स्वस्त, हाती धरायची यंत्रं आल्यावर भिंतीतल्या नळ्या मागे पडल्या. लोखंडी नळ्यांचा खर्च कोण करणार? दुसऱ्या महायुद्धानंतर पीव्हीसीच्या हलक्या नळ्या निघाल्या तेव्हा ही कल्पना पुन्हा वर आली आणि अमेरिका, कॅनडा, स्वीडन अशा थंड देशांत घरांमध्ये शिरली.

इतकं वाचून झालं आणि मला एकदम दादा आठवला. दादा म्हणजे वहिनींचे यजमान, माझा थोरला भाऊ. आमच्या घरात धूळ ओढणाऱ्या भिंतीतल्या नळ्या सर्वांत आधी पाहिल्या त्या कॅनडातल्या पुतण्याने नव्हे, तर त्याच्या बापाने. आणि त्या पाहिल्या गिरणगावात.

दादा १९६० मध्ये वाणगावहून गाडीत बसला आणि लोअर परळच्या एका गिरणीत लागला. तेव्हा डहाणूपर्यंत लोकल नव्हती, ती २०१३ मध्ये आली. तो गिरणगावातच खोलीवर राहायचा आणि महिन्यातून एकदा घरी यायचा. त्याचं खातं कार्डिंगचं. कापूस पिंजून त्याचा पेळू करायचं. कार्डाच्या सिलिंडरवर लाखो बारीक तारा असतात. त्यांत तंतू आणि कचरा अडकतो. तो काढला नाही तर पेळू खराब होतो, म्हणून एका पाळीत अनेकदा तारा साफ कराव्या लागत. पूर्वी हे काम ब्रशाने होई आणि खात्यात धुळीचा ढग उठे. मग लँकेशायरमध्ये एक युक्ती निघाली. खात्यातून नळ फिरवायचा, एका टोकाला पंप, आणि प्रत्येक कार्डाजवळ एक तोंड. तिथे नळी लावून तारांमधला कचरा ओढून घ्यायचा. त्याला व्हॅक्यूम स्ट्रिपिंग म्हणत. दादा ‘याकूम’ म्हणायचा. “याकूमवाला आला की जरा बरं वाटतं,” असं तो म्हणायचा. त्याच्या गिरणीत ही सोय होती, पण सगळ्या रांगांना नव्हती आणि ती बरेचदा बंद असायची.

कापसाच्या धुळीने छातीला जो रोग होतो त्याला बिसिनोसिस म्हणतात. त्याची खूण विचित्र आहे. रविवारची सुटी झाली की सोमवारी कामावर जाताच छाती आवळून येते. आठवडा सरत जाईल तशी ती थोडी सैल पडते. काही वर्षांनी मग सोमवार-मंगळवार असा भेद राहत नाही. सगळेच दिवस सोमवार होतात. इंग्लंडमध्ये या रोगाला भरपाई मिळायला १९४० चं दशक उजाडलं. आपल्याकडेही कायद्याच्या परिशिष्टात त्याचं नाव आलं, पण कामगाराच्या हातात प्रमाणपत्र पडणं ही निराळी गोष्ट. दादाला बिडी ओढणारा म्हणून परत पाठवलं. तो बिडी ओढायचा, हे खरं आहे. पण तो जन्मभर कापूसही ओढत होता.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. तो कधी संपला हे कुणालाच सांगता येत नाही. चाळिशीतला दादा वाणगावला परत आला आणि वाडीत मिरच्या लावू लागला. १९९९ मध्ये गेला. शेवटची दोन वर्षं तो पडवीत बसून झोपायचा, आडवं होता येत नव्हतं.

त्याच १९८२ मध्ये टाटांच्या फोर्ब्स कंपनीने स्वीडनच्या इलेक्ट्रोलक्सबरोबर भागीदारी करून युरेका फोर्ब्स काढली. व्हॅक्यूम क्लीनर मध्यमवर्गाच्या दारात आला तो या कंपनीच्या टाय लावलेल्या मुलांमुळे. दुकानात जाऊन व्हॅक्यूम क्लीनर कोण मागणार? म्हणून वस्तूच घरी न्यायची, गादीवरून फिरवायची आणि निघालेली धूळ पांढऱ्या कापडावर ओतून गृहिणीला दाखवायची. ‘हे तुमच्या गादीत होतं!’ बूथच्या हातरुमालाचीच ही भारतीय आवृत्ती. बोईसरला अणुकेंद्राच्या वसाहतीतल्या एका स्नेह्यांकडे मी असं प्रात्यक्षिक पाहिलं आहे. घरातल्या बाईंचा चेहरा इतका उतरला की मलाच वाईट वाटलं. त्यांचं घर आमच्यापेक्षा दसपट स्वच्छ होतं. यंत्र घेतलं गेलं, वर्षभर चाललं, मग माळ्यावर गेलं. दोष यंत्राचा नव्हे. त्या घरात गालिचा नव्हता, लादी होती. लादीवरचा केर झाडूने दोन मिनिटांत निघतो. यंत्र काढा, तार सोडवा, लावा, पुन्हा गुंडाळा, यात पंधरा जातात.

लादीचाही इतिहास आहे. १९२२ मध्ये मुंबईत भारत फ्लोअरिंग्ज ही स्वदेशी कंपनी निघाली आणि परदेशी फरशांशी टक्कर देणाऱ्या सिमेंटच्या नक्षीदार फरशा करू लागली. शेण गेलं, लादी आली, तेव्हा बायकांचं सारवण सुटलं पण पुसणं मागे लागलं. रूथ श्वार्ट्झ कोवान या अमेरिकी इतिहासकार बाईंनी १९८३ मध्ये ‘मोअर वर्क फॉर मदर’ नावाचं पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं की घरात यंत्रं आली म्हणून आईचे कामाचे तास कमी झाले नाहीत. पूर्वी गालिचा वर्षातून एकदा बडवायचे आणि त्यात पुरुष, मुलं, नोकर सगळे हात लावत. यंत्र आल्यावर तो दर आठवड्याला साफ करायचा झाला आणि तो एकट्या बाईने.

आता आमच्या परिसरातली गोष्ट. वाणगावपासून थोड्या अंतरावर तारापूरचं अणुवीज केंद्र आहे, ऑक्टोबर १९६९ पासून चालू झालेलं. हल्ली व्हॅक्यूम क्लीनरच्या जाहिरातीत ‘हेपा फिल्टर’ असं मोठ्या अक्षरात लिहितात. ही गाळणी मुळात अणूची आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत अणुबॉम्बचं काम चाललं होतं, तेव्हा हवेतले किरणोत्सारी कण अडवायला ती तयार झाली. केसाच्या जाडीच्या दोनशेव्या हिश्श्याहून लहान, म्हणजे ०.३ मायक्रॉनचे कण ती १०० पैकी ९९.९७ अडवते. साध्या कापडी पिशवीच्या यंत्रात जाड कचरा आत राहतो आणि सर्वांत बारीक धूळ, जी छातीत खोल जाते, ती मागच्या बाजूने पुन्हा खोलीत येते. दमेकऱ्याने यंत्र घेताना ओढण्याची ताकद नंतर विचारावी. ओढलेली हवा सोडता कुठे, हे आधी विचारावं. भिंतीतल्या यंत्राचा खरा फायदा इथे आहे. त्याची हवा घराबाहेर सोडता येते.

पण दम्याचं आणखी एक आहे. १९६४ च्या सुमारास हॉलंडमधल्या लायडनच्या संशोधकांनी दाखवून दिलं की घरातल्या धुळीत त्रास देणारी मुख्य वस्तू म्हणजे डोळ्यांना न दिसणारे धूळकिडे आणि त्यांची विष्ठा. ते राहतात गादीत, उशीत, पांघरुणात. आपल्यासारख्या दमट किनाऱ्यावर त्यांची चंगळ. जमीन कितीही ओढून काढली तरी गादी तशीच राहिली तर उपयोग अर्धाच. उशा-चादरी कढत पाण्यात धुणं, गादीला घट्ट विणीची खोळ घालणं याला सेंट्रल व्हॅक्यूमच्या मानाने फारच थोडा खर्च येतो. हे वहिनींना मी त्याच दिवशी सांगितलं आणि खोळी आणल्या.

एवढं सगळं झाल्यावर पुतण्याला ‘नको’ म्हणून टाकणं सोपं होतं. जमीन लादीची, गालिचा नाही, वीज बेभरवशाची. आमच्या भागाची विजेची गोष्ट तर सांगण्यासारखी आहे. एका बाजूला तारापूर, दुसऱ्या बाजूला डहाणूचं ५०० मेगावॉटचं औष्णिक केंद्र. त्या डहाणूच्या विजेवर मुंबईची उपनगरं उजळायची आणि २००५ नंतरची काही वर्षं आम्ही मात्र भारनियमनात मेणबत्त्या लावायचो. शिवाय नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडीच्या बाजूला भूकंपाचे लहान-लहान धक्के बसताहेत, त्यामुळे भिंतीत काही पुरायचं म्हटलं की गवंडीसुद्धा दोनदा विचार करतो.

तरी मी ‘नको’ म्हटलं नाही. कारण सांगतो.

आमच्याकडे केर-लादीला एक वारली बाई येतात. आधी त्यांची आई येत असे, त्याआधी आजी. माझ्या आजोबांची जमीन फार नव्हती, आम्ही काही जमीनदार नव्हे. पण अंगण झाडायला, गोठा काढायला ती आजी यायची आणि तिला काय देत हे मी कधी विचारलं नाही. पुढे शाळेत मुलांना मी आमच्याच भागाचा इतिहास शिकवला. डहाणू, उंबरगाव, पालघर या तालुक्यांत वारली माणूस लग्नासाठी सावकाराकडून कर्ज घेई आणि ते फिटेपर्यंत नवराबायको दोघंही त्याचे गुलाम होत. त्यांना ‘लग्नगडी’ म्हणत. शेतात वेठ पुरुषांनी करायची, घरातली झाडलोट, दळण-कांडण बायकांनी. २३ मे १९४५ ला झरी गावच्या सभेत वारल्यांनी वेठ करायची नाही असं ठरवलं. १० ऑक्टोबरला तलवड्याला पोलिसांनी गोळीबार केला, त्यात जेठ्या गांगड आणि त्यांचे साथी गेले. गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात हे सगळं लिहून ठेवलं आहे. हा धडा मी तीस वर्षं शिकवला. घरी येऊन अंगण झाडलेलं आहे की नाही हेही तितकीच वर्षं पाहिलं.

तर मे महिन्यातल्या त्या आठवड्यात बोईसरच्या एका ओळखीच्यांकडून हाती धरायचं एक चांगलं यंत्र मी चार दिवसांसाठी आणलं आणि बाईंना म्हटलं, “तुम्हीच वापरून सांगा.” आजवर असं त्यांना कुणी विचारलं नव्हतं, मीही नाही. त्यांनी दोन दिवस काही सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी तीन गोष्टी सांगितल्या. एक, कोपऱ्यात आणि कपाटाखाली झाडूच बरा. दोन, यंत्राने उभ्याने काम होतं, कंबर दुखत नाही. आणि तिसरी, केर काढून झाल्यावर त्यांना रोज जो खोकला येतो तो आला नाही.

वीस वर्षं त्या आमच्याकडे झाडत आहेत आणि त्यांना रोज खोकला येतो हे मला ठाऊक नव्हतं. दमा वहिनींचा, हे घरात सगळ्यांना माहीत. केर काढायच्या वेळी वहिनी उठून वाडीत जाऊन बसतात. धुळीत कोण राहतं? दादाच्या खात्यातला साहेबही कार्डाच्या रांगेत उभा राहत नसे.

मग मी गवंड्याला आणि नळकामवाल्याला बसवून हिशोब केला. ज्यांना असं काही करायचं असेल त्यांच्यासाठी सांगतो. नळी दोन इंची, पातळ आणि आतून गुळगुळीत असते. पाण्याचे काटकोनी एल्बो चालत नाहीत, वळणं सावकाश घ्यावी लागतात, नाहीतर केसांचा बोळा नेमका तिथे बसतो. नळीबरोबर बटणाची बारीक तार आधीच टाकून घ्यावी. लवचिक नळी साधारण नऊ मीटरची असते. ती घराच्या प्रत्येक कोपऱ्यापर्यंत पोहोचते का हे नकाशावर नाही, प्रत्यक्ष दोरी धरून पाहावं. आमच्या एकमजली घराला तीन तोंडं पुरली. ही नळी ओढायला जड जाते, सांभाळून ठेवायला जागा लागते. दोन खोल्यांच्या ब्लॉकात हा उद्योग मुळीच करू नये, हेपा गाळणीचं साधं यंत्र आणि ओलं फडकं पुरतं. ओलं काही या नळीत ओढायचं नाही, आमच्या पावसाळ्यात हे फार जपावं लागेल. बाहेरच्या तोंडाला जाळी हवी, नाहीतर मुंग्या आणि पाली आत संसार थाटतील. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे नळ्या स्वस्त असतात, यंत्र महाग. नळ्या प्लास्टरच्या आधीच टाकता येतात, यंत्र दहा वर्षांनीही आणता येतं.

म्हणून पुतण्याला सांगितलं, नळ्या टाक, यंत्राचं नंतर बघू. तोवर हेपा गाळणीचं हातातलं यंत्र घे, आणि ते बाईंच्या उंचीला लागेल असं घे, तुझ्या आईच्या नव्हे. तो हसला. म्हणाला, “काका, पण यंत्र आलं की त्यांचं काम कमी होईल, मग पगार?” पगार तोच राहील, असं मी म्हटलं. २००८ मध्ये महाराष्ट्रात घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा झाला. त्यात बाईंची नोंदणी आम्ही इतक्या वर्षांत केली नव्हती. त्याचे कागद मात्र मी गोळा करायला घेतले आहेत. त्यांच्या वयाच्या पुराव्यावर सध्या गाडी अडली आहे.

प्लास्टर झालं. तीन झाकणं भिंतीत बसली आहेत, एक वहिनींच्या खोलीत, एक ओसरीवर, एक स्वयंपाकघराच्या दारात. मागच्या पडवीत यंत्रासाठी कोनाडा आहे, दादा बसायचा त्याच बाजूला. पुतण्या दिवाळीत येईल तेव्हा यंत्राचं ठरेल. वहिनींना ते लवकर हवं आहे. बाई म्हणतात, आधी ती लांब नळी आणून दाखवा, किती जड आहे ते बघते, मग सांगते.